स्वस्तातलं कंप्रेसर पेडल: गिटार आणि बेसवर ते नीट कसं लावायचं

कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि त्यामुळे मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करतो. पण पेडल जोडण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, आवाज अगदी क्लीन ठेवा, जी स्ट्रिंगवर सातव्या फ्रेटला एक स्वर पिकने वाजवा आणि तो पूर्ण विझेपर्यंत तारेला हात लावू नका. आधी पिकचा टोकदार 'टक्' येतो, मग स्वराचा भरीव भाग, आणि त्यानंतर हळूहळू उतरत जाणारी लांब शेपटी. असं चार-पाच वेळा केलंत की त्या 'टक्'च्या टोकात आणि शेपटीत केवढी तफावत आहे ते कानाला नीट कळतं. कंप्रेसरचं सगळं काम या तफावतीवर चालतं. ती ओळखीची नसेल, तर पेडल चालू केल्यावर काय बदललं हे सांगता येत नाही. मग माणूस चार दिवस नॉब फिरवतो आणि 'यात काही फरकच पडत नाही' म्हणून पेडल कपाटात ठेवून देतो.

अशी कपाटात गेलेली बरीच पेडल्स मी पाहिली आहेत आणि त्यातली काही बाहेर काढून लावूनही दिली आहेत. पेडल खरोखर वाईट आहे असं फार क्वचित निघालं. बहुतेक वेळा चालू आणि बंद स्थितीतला आवाज एका पातळीवर आणलेलाच नसायचा. चालू केल्यावर आवाज मोठा झाला की पेडल आवडायचं, लहान झाला की नावडायचं. दाबण्याच्या क्रियेचा खरा परिणाम दोन्ही वेळी ऐकायचा राहून जायचा. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत लेव्हल जुळवणं पुन्हा पुन्हा येईल, आणि तिथे घाई करू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आत नेमकं काय होतं

समजा पेडलची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, एका पातळीवर ठरलेली आहे आणि रेशो, म्हणजे तिच्या वरचा आवाज दाबण्याचं प्रमाण, ४:१ आहे. तुमचा स्वर त्या पातळीच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो फक्त ३ डेसिबल वर असेल. म्हणजे ९ डेसिबल दाबले गेले. पातळीच्या खाली असलेल्या शेपटीला मात्र काहीच झालं नाही. आता लेव्हलच्या नॉबने सगळाच आवाज ९ डेसिबल वर उचललात, तर 'टक्' होता तिथेच आला आणि शेपटी ९ डेसिबलनी मोठी झाली. स्वर जास्त वेळ टिकल्यासारखा वाटतो तो यामुळे. तार पूर्वीइतकाच वेळ हलते आहे. तिचा शेवटचा मंद भाग आता तुमच्यापर्यंत पोचतो आहे.

याच हिशोबातून या पेडलची सगळ्यात मोठी अडचणही निघते. शेपटीबरोबर पिकअपची घरघर, केबलची खरखर, फ्रेटवर बोट घसरल्याचा आवाज हे सगळंही ९ डेसिबल वर येतं. कंप्रेसरला स्वर आणि खरखर यांत फरक करता येत नाही. पेडल 'नॉइझी' आहे असं म्हणण्याआधी तुम्ही किती दाबता आहात ते तपासा.

नॉबवरची नावं आणि त्यांचा खरा अर्थ

स्टुडिओतल्या कंप्रेसरवर थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज आणि आउटपुट असे वेगवेगळे नॉब असतात. स्वस्तातल्या पेडलवर दोन ते चारच मिळतात आणि त्यांची नावं गोंधळात टाकणारी असतात. १९७० च्या दशकातल्या एमएक्सआर डायना कॉम्पवर दोनच नॉब आहेत: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. त्याच धर्तीवर पुढे असंख्य पेडल्स निघाली. बॉसच्या सीएस-३ वर लेव्हल, टोन, अटॅक आणि सस्टेन असे चार नॉब आहेत, आणि बेरिंजरचं सीएस४०० हीच मांडणी बऱ्याच स्वस्तात देतं. लहान डबीतल्या मिनी पेडल्सवर बहुधा व्हॉल्यूम, टोन आणि कॉम्प इतकंच असतं.

सस्टेन, सेन्सिटिव्हिटी, कॉम्प ही साधारण एकाच कामाची नावं. या पेडल्समध्ये थ्रेशोल्ड बहुधा आतच ठरलेला असतो, आणि हा नॉब वाढवला की सिग्नल त्या थ्रेशोल्डमध्ये जास्त खोल ढकलला जातो. मंद आवाजही वर उचलला जातो, म्हणून नॉब वाढवताना खरखरही वाढते. लेव्हल, व्हॉल्यूम, आउटपुट म्हणजे शेवटी बाहेर किती आवाज सोडायचा ते. टोन हा बहुधा चमक कमी-जास्त करणारा साधा फिल्टर असतो.

अटॅकबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे निम्मे लोक चुकतात. अटॅक म्हणजे स्वर सुरू झाल्यावर कंप्रेसर किती वेळात पकड घेतो. पकड लगेच घेतली तर पिकचा 'टक्' दबतो. थोड्या उशिरा घेतली तर 'टक्' निसटून पुढे जातो आणि मागचा भाग दबतो. अडचण अशी की नॉब कुठल्या दिशेला फिरवला की काय होतं, हे सगळीकडे सारखं नाही. काही पेडल्सवर नॉब उजवीकडे नेला की पिकचा ठसका वाढतो, म्हणजे पकड उशिरा. स्टुडिओतल्या ११७६ नावाच्या प्रसिद्ध कंप्रेसरच्या धाटणीची जी पेडल्स आहेत, त्यांच्यावर उजवीकडे म्हणजे अटॅक जलद. म्हणून छापलेल्या नावावर विसंबू नका. डावा हात तारांवर हलका टेकवून आवाज बंद करा, उजव्या हाताने पिकने 'चक चक' वाजवत राहा आणि अटॅकचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. ज्या टोकाला 'चक'ची धार जास्त, ते उशिराच्या पकडीचं टोक. हवं तर तिथे पेनने एक ठिपका काढून ठेवा.

रिलीज म्हणजे पकड सैल व्हायला लागणारा वेळ. स्वस्त पेडल्सवर हा नॉब क्वचितच असतो. वेळ आतच ठरलेली असते, आणि त्यावरून पेडलचा स्वभाव ठरतो. डायना कॉम्पमध्ये सीए३०८० नावाची चिप दाबण्याचं काम करते. त्या घराण्यातली पेडल्स पिकचा ठसका चटकन दाबतात आणि स्वराला थोडा रबरासारखा ताण देतात. ऑप्टिकल पेडलमध्ये आत एक छोटा दिवा आणि प्रकाशावर चालणारा रेझिस्टर असतो. सिग्नल वाढला की दिवा उजळतो आणि रेझिस्टर आवाज खाली आणतो. ही पकड सावकाश सुटते, म्हणून ऐकायला मऊ लागते. मूअरचं यलो कॉम्प हे या प्रकारातलं छोटं पेडल. दोन्हींत चांगलं-वाईट असं काही नाही. फंक वाजवणाऱ्याला पहिला प्रकार जवळचा वाटेल, संथ अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून, वाजवणाऱ्याला दुसरा. बेससाठी मी दुसऱ्याकडे झुकेन.

जोडणी

अशा बहुतेक पेडल्सना ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो. पोलॅरिटीचं चिन्ह पेडलवर छापलेलं असतं. ते अ‍ॅडॅप्टरवरच्या चिन्हाशी जुळवून पाहिल्याशिवाय वीज देऊ नका. एकाच अ‍ॅडॅप्टरवर साखळीने अनेक पेडल्स जोडली असतील आणि त्यात एखादं डिजिटल डिले असेल, तर कंप्रेसर चालू करताच बारीक 'पीं' असा आवाज ऐकू येण्याची शक्यता असते. तो आवाज आधीपासून तिथेच असतो, कंप्रेसर त्याला वर उचलतो. एकदा फक्त कंप्रेसर वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर किंवा ताज्या बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष वीजपुरवठ्याचा आहे. मिनी पेडल्समध्ये बहुधा बॅटरीला जागाच नसते, तेव्हा वेगळा अ‍ॅडॅप्टर वापरून तपासा.

क्रम असा ठेवा: गिटार, ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, मग कोरससारखे इफेक्ट, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. कंप्रेसर डिलेनंतर ठेवलात तर विरत जाणारे प्रतिध्वनी पुन्हा वर उचलले जातात आणि चिखल होतो. एक अपवाद जुन्या पद्धतीच्या फझचा, म्हणजे आवाज खरखरीत फाडणाऱ्या पेडलचा. फझ फेससारखं पेडल गिटारच्या पिकअपशी थेट जोडलेलं असावं लागतं. मध्ये दुसरं पेडल आलं की त्याचा पोत बदलतो आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने ते स्वच्छ करता येत नाही. तिथे फझ पहिलं, कंप्रेसर नंतर.

गिटारवर लावताना

तुमच्याकडे लूपर असेल तर तो साखळीत सगळ्यात पुढे, म्हणजे गिटारनंतर लगेच, ठेवा. त्यात एकच ओळ रेकॉर्ड करा: थोडे सुटे स्वर, दोन कॉर्ड, काही हळू, काही जोरात. ती फिरत राहील आणि नॉबसाठी दोन्ही हात मोकळे राहतील. शिवाय दर वेळी वाजवण्याचा जोर बदलत नाही, त्यामुळे तुलना खरी होते. लूपर नसेल तर वाजवणारा मित्र चालेल.

आता सगळे नॉब मध्यावर, म्हणजे घड्याळात १२ वाजता, ठेवा आणि सस्टेन किंवा कॉम्पचा नॉब पूर्ण वाढवा. आवाज खूप मोठा होईल. लेव्हल कमी करून तो बंद स्थितीच्या जवळ आणा. जे ऐकू येतंय ते वाईट असेल: पिचलेलं, श्वास कोंडल्यासारखं, खरखरीत. तसंच ते हवं आहे. कंप्रेसरचा परिणाम कानाला ओळखू यायला तो आधी अतिरेकात ऐकावा लागतो. हीच पायरी गाळून लोक थेट 'थोडंसं' लावायला जातात, आणि थोडंसं ऐकायची सवय कानाला नसल्यामुळे तिथेच अडकतात.

या अतिरेकी स्थितीतच अटॅक ठरवा. नॉब सावकाश फिरवत पिकच्या धारेकडे लक्ष द्या. जिथे स्वराचा उच्चार स्पष्ट राहतो पण टोचत नाही, तिथे थांबा. रिलीजचा नॉब असेल तर तोही आत्ताच, गाण्याच्या लयीवरून. १२० च्या टेम्पोला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि अर्धा ठोका २५० चा. सलग अर्ध्या ठोक्यांवर वाजवत असाल तर पुढचा स्वर येण्याआधी पकड सुटायला हवी, नाहीतर दुसरा स्वर आधीच दबलेला निघतो. नॉबवर मिलिसेकंद लिहिलेले नसतात, त्यामुळे कानाने शोधा: शेपटी स्वाभाविक उतरताना वाटली पाहिजे, मधेच फुगून वर आली तर रिलीज फार जलद आहे.

मग सस्टेनचा नॉब सावकाश मागे आणा. परिणाम ऐकू येईनासा होईल त्या जागी थांबा आणि तिथून किंचित पुढे जा. माझ्या हाताला बहुतेक स्वस्त पेडल्सवर ही जागा ९ ते ११ वाजण्याच्या दरम्यान सापडते. पण तुमची गिटार हंबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) असेल तर आणखी मागे यावं लागेल, कारण तिचं आउटपुट जास्त आणि तोच नॉब जास्त दाबतो.

यानंतर लेव्हल. लूप चालू ठेवा, डोळे मिटा आणि पायाने पेडल चालू-बंद करत राहा. दोन्हींचा आवाज सारखा वाटेपर्यंत लेव्हल हलवा. इथे एक खाच आहे. सुटे स्वर जुळवले की कॉर्ड चालू स्थितीत लहान वाटतात, कॉर्ड जुळवले की सुटे स्वर मोठे वाटतात. पेडलचं कामच ते आहे, त्यामुळे दोन्ही एकदम जुळणार नाहीत. तुम्ही ज्यासाठी पेडल वापरणार आहात त्यावर जुळवा. ऱ्हिदम वाजवणाऱ्याने कॉर्डवर, सोलोसाठी वापरणाऱ्याने सुट्या स्वरांवर.

आवाज सारखा झाल्यावर पहिल्यांदा प्रश्न विचारा: हे चालू असताना चांगलं वाटतंय का? उत्तर 'हो' आलं तर पेडल खरंच काम करतंय. चमक हरवल्यासारखी वाटली तर टोन थोडा वाढवा. 'टक्' दबला की उंच स्वरही दबल्यासारखे वाटतात, ते थोडं भरून निघतं.

शेवटी लूपर बंद करा आणि स्वतः वाजवा. कंप्रेसर जितका कानाला कळतो तितकाच बोटांनाही कळतो. हळू छेडलेला स्वर पुढे येतो, जोरात मारलेला मागे ओढला जातो, आणि बोटांखाली तार किंचित मऊ झाल्यासारखी वाटते. ती जाणीव आवडली नाही, तर सेटिंग कितीही बरोबर असलं तरी तुम्ही त्यावर चांगलं वाजवणार नाही. सस्टेन आणखी मागे घ्या.

तपासायला फोनवर रेकॉर्ड करू नका. फोनचं साधं रेकॉर्डिंग आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करून सारखी करतं, म्हणजे तिथे आधीच एक कंप्रेसर बसलेला असतो. पेडलचा फरक त्यात बुजून जातो. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्यात चालू-बंद दोन्ही रेकॉर्ड करा आणि स्क्रीनवर वेव्हफॉर्म पाहा. बंद असताना काटेरी टोकं आणि बारीक शेपट्या दिसतील, चालू असताना विटांसारखे भरलेले आकार. भिंतीसारखा सपाट पट्टा दिसला तर फारच दाबलंय.

कुठल्या वाजवण्याला काय

क्लीन अर्पेजिओसाठी सस्टेन मध्याच्या थोडं मागे, पकड उशिरा. प्रत्येक स्वर वेगळा उमटतो आणि एकमेकांत मिसळतोही. फंकमध्ये सोळाव्या हिश्शाचं, म्हणजे एका ठोक्यात चार वेळा, स्ट्रमिंग असतं, तिथे पकड जलद आणि दाब मध्यम ठेवला की सगळे 'चक' एका उंचीचे येतात आणि ड्रमच्या हाय-हॅटला चिकटून बसतात. कंट्री वाजवणाऱ्यांचा पिक आणि बोटं मिळून काढलेला टणटणीत आवाज तर या पेडलशिवाय अपुरा वाटतो. तिथे सस्टेन मोकळ्या हाताने वाढवा. स्लाइडसाठीही तेच, कारण काचेखाली तार लवकर विझते.

ओव्हरड्राइव्हचं गणित वेगळं आहे. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन सिग्नलची टोकं कापतात, म्हणजे ते स्वतःच दाबत असतात. त्यांच्याआधी कंप्रेसर लावला तर डिस्टॉर्शनचं प्रमाण हळू-जोर दोन्हींत सारखं राहतं. सोलोमध्ये ते छान वाटतं, पण गिटारचा व्हॉल्यूम मागे घेऊन आवाज स्वच्छ करायची सवय असेल तर ती सोय कमी होते, कारण तुम्ही कमी केलेलं कंप्रेसर पुन्हा वर आणतो. ओव्हरड्राइव्हनंतर लावला तर पातळी सपाट होते, पण ओव्हरड्राइव्हची सगळी फसफस पुढे येते. मी पहिला मार्ग घेतो, सस्टेन अगदी कमी ठेवून. जड डिस्टॉर्शनवर तर पेडल बंदच ठेवतो. दाबण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं.

बेस

बेसवर हेच पेडल जोडलं की पहिल्या मिनिटात कळतं की आवाजाची बैठक गेली. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत, कारण त्यांवरूनच उपाय सुचतो.

गिटारची सर्वात जाड ई स्ट्रिंग सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते, म्हणजे एक लहर साधारण १२ मिलिसेकंदांची. बेसची ई ४१ हर्ट्झवर, लहर २४ मिलिसेकंदांची. पाच तारांच्या बेसवरची बी सुमारे ३१ हर्ट्झवर, लहर ३२ मिलिसेकंदांची. आता कंप्रेसरची पकड आणि सुटका १०-१५ मिलिसेकंदांत होत असेल, तर एकच लहर पूर्ण होण्याआधी तो दाबतोही आणि सोडतोही. लहरीचा आकारच मोडतो आणि खालच्या स्वरांवर घोगरी फरफर ऐकू येते. गिटारवर छान चालणारं जलद सेटिंग बेसवर फाटतं ते यामुळे. शिवाय बेसच्या सिग्नलमध्ये सगळ्यात जास्त ताकद खालच्या स्वरांत असते. पेडलची पकड त्यांच्यावरच बसते आणि तेच पहिल्यांदा दबतात. गिटारसाठी बनवलेल्या काही पेडल्समध्ये मुळात खालचे स्वर थोडे गाळलेलेही असतात.

म्हणून बेसवर सुरुवात अटॅकपासून करा. 'चक'च्या चाचणीने शोधलेल्या उशिराच्या टोकाजवळ ठेवा, म्हणजे स्वराची सुरुवातीची धडक पूर्ण निसटेल. रिलीज असेल तर मध्यावर किंवा त्याहून संथ. सस्टेन गिटारपेक्षा कमी. पेडलवर किती दाबलं ते दाखवणारे दिवे असतील (एमएक्सआरच्या एम८७ वर असतात, पण स्वस्त पेडलवर क्वचित), तर सर्वात जोरदार स्वरावर ३ ते ६ डेसिबलच्या आत राहा.

पेडल निवडायचं बाकी असेल आणि तुम्ही मुख्यतः बेस वाजवत असाल, तर एकच गोष्ट मागा: ब्लेंडचा नॉब. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हायपरग्रॅव्हिटीवर तो आहे. ब्लेंड म्हणजे मूळ, न दाबलेला आवाज आणि दाबलेला आवाज यांचं मिश्रण. मूळ आवाजातून बैठक आणि बोटांचा ठसका येतो, दाबलेल्यातून टिकाव. ब्लेंड असेल तर दाबलेली बाजू बिनधास्त जास्त ठेवा आणि मिश्रणात ती निम्मी किंवा त्याहून थोडी कमी घ्या. कमी पैशांत बेसवर मिळणारा सर्वात नैसर्गिक परिणाम हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

बेस अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असेल, तर त्याचं आउटपुट गिटारपेक्षा बरंच जास्त असतं आणि पेडलची इनपुटच भरून वाहते. स्लॅपमध्ये (अंगठ्याने थाप मारून वाजवताना) 'पॉप' मारताना, म्हणजे बोटाने तार ओढून सोडताना, फुटका, कर्कश आवाज आला तर सस्टेन कमी करून तो जाणार नाही. बेसचा व्हॉल्यूम किंवा त्यावरचा बेस-ट्रेबल बूस्ट मागे घ्या, आणि गेलेली पातळी पेडलच्या लेव्हलने भरा. पेडल १८ व्होल्टवर चालतं असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलं असेल तर तसं चालवून जास्त हेडरूम मिळते, म्हणजे आवाज फुटण्याआधी जास्त जागा राहते. लिहिलं नसेल तर तो प्रयोग करू नका, पेडल जळू शकतं.

स्लॅपसाठी मी अटॅकचा वरचा नियम थोडा मोडतो आणि पकड मध्यापर्यंत जलद आणतो, कारण 'पॉप'ची टोकं स्पीकरला झेपत नाहीत आणि मिक्समध्ये इतरांना झाकतात. अंगठ्याची थाप आणि पॉप एका उंचीला आले की थांबायचं.

एखादीच तार मोठी वाजत असेल तर त्याचं औषध कंप्रेसर नाही. डी आणि जी स्ट्रिंग पुढे येत असतील तर त्या बाजूने पिकअप स्क्रूने थोडा खाली घ्या आणि मग पेडलकडे वळा. आधी हे केलं की पेडलला निम्मंच काम उरतं आणि तेही सगळ्या तारांवर सारखं होतं. बेस अ‍ॅम्पवर स्वतःचा कंप्रेसरचा नॉब आहे का तेही पाहून घ्या. तो वाढलेला असेल आणि तुम्ही पेडलही लावलंत, तर आवाज दोनदा दाबला जातो आणि सगळं मऊ, दूर गेल्यासारखं वाटतं. दोन्हींपैकी एकच वापरा.

बेसची चाचणी मोठ्या स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर करा. लॅपटॉपच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही, त्यामुळे बैठक गेली की राहिली हे तिथे कळणार नाही.

बिघाड ओळखणं

शांततेनंतरचा पहिला स्वर 'धप्प' करून मोठा येतो आणि पुढचे बरोबर येतात? शांततेत पेडल पूर्ण वर उचललेल्या स्थितीत असतं, आणि पकड घेईपर्यंत पहिला स्वर तसाच निसटतो. सस्टेन कमी करा, किंवा अटॅक थोडा जलद करा.

आवाज प्रत्येक ठोक्याला दम लागल्यासारखा वर-खाली होत असेल तर रिलीज आणि लय जुळत नाहीत. रिलीजचा नॉब नसेल तर दाब कमी करणं एवढाच उपाय हातात आहे.

घरी उत्तम वाटणारा आवाज बँडमध्ये गायब होतो, ही तक्रार फार ऐकू येते. घरी एकट्याने वाजवताना गुळगुळीत आवाज सुखावतो, पण ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीतून गिटारला वाट काढून देतो तो पिकचा 'टक्'. तोच तुम्ही दाबून टाकलेला असतो. पकड उशिरा करा आणि पुन्हा सगळ्यांबरोबर वाजवून पाहा. शक्य असेल तर अंतिम सेटिंग तालमीतच करा.

सिंगल कॉइल पिकअपची घरघर दोन ओळींच्या मधे वर येत असेल, तर नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल, कंप्रेसरच्या आधी ठेवून पाहा. तिथे स्वर आणि घरघर यांच्यात अंतर भरपूर असतं, म्हणून गेटला कुठे बंद व्हायचं ते सहज ठरवता येतं. कंप्रेसरनंतर ते अंतर आक्रसलेलं असतं आणि गेट स्वराची शेपटीही कापतो. पेडलची स्वतःची सूं मात्र यातून जात नाही. ती कमी करायची तर सस्टेनच खाली आणावा लागतो. स्टेजवर मोठ्या आवाजात पोकळ अंगाची गिटार वाजवत असाल, तर कंप्रेसर शांत जागी आवाज वर उचलतो म्हणून फीडबॅकही लवकर सुरू होतो. घरच्या सेटिंगपेक्षा तिथे सस्टेन थोडा कमीच धरा.

सेटिंग जमलं की नॉबच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर रेघा मारा: गिटारसाठी एका रंगाची, बेससाठी दुसऱ्या. पेडलबोर्ड पिशवीत कोंबताना नॉब हलतात, आणि अंधाऱ्या स्टेजवर दोन मिनिटांत लेव्हल पुन्हा जुळवायची वेळ आली तर त्या रेघांपासून सुरुवात करता येते.